बरडावरची शाळा

शाळेचा विषय निघाला की आमचे आबाजी आधी जमिनीवर यायचे. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. नाल्याच्या अंगाला काळी कसदार जमीन आणि गावाच्या वरच्या बाजूला बरड. तिथे ज्वारी गुडघ्याच्या वर जात नाही, तरोटा मात्र कमरेला लागतो. शाळेसाठी जमीन द्यायची गोष्ट निघाली तेव्हा साऱ्या गावाच्या नजरा त्या बरडाकडेच कशा वळल्या, हे सांगताना आबाजींना दरवेळी हसू यायचं. "शाळा साऱ्याइले पायजे होती," ते म्हणायचे, "पन काळी जमीन कोन देते बाप्पा?"

गोष्ट 1938 सालची. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता आणि कारभार नागपुरातून चालायचा. आदल्या वर्षी निवडणुका होऊन काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं होतं. डॉ. ना. भा. खरे मुख्य आणि शिक्षणखातं पंडित रविशंकर शुक्लांकडे. खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या तर तिजोरीत पैसा नाही, म्हणून शुक्लांनी एक तोड काढली. गावकऱ्यांनी जमीन दान द्यायची, तिच्या उत्पन्नातून मास्तराचा पगार आणि शाळेचा खर्च भागवायचा. नाव ठेवलं विद्यामंदिर. मास्तर घडवायला वर्ध्याला शाळा निघाली, तिच्या आरंभाला स्वतः गांधीजी होते.

आमच्या गावात यावर मारुतीच्या पारावर बैठक बसली. आबाजी तेव्हा बारा-तेरा वर्षांचे, पाराच्या मागे उभं राहून ऐकणारे. त्यांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, खातेदार होते आणि बोलायला फटकळ. त्यांनी विचारलं, सरकारला सारा देतो, वरून पट्टी देतो, आता जमीनही द्यायची तर मग सरकार नेमकं काय देणार? यावर आलेल्या कामदाराकडे उत्तर नव्हतं. महात्मा फुल्यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर आयोगापुढे लेखी निवेदन दिलं त्यातली तक्रार हीच होती. महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, खर्च मात्र वरच्या वर्गाच्या वरच्या शिक्षणावर होतो. पणजोबांनी फुल्यांचं नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पण ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही.

दुसरा प्रश्न नावाचा निघाला. गावातल्या एका चाचांनी शांतपणे विचारलं की शाळेला शाळा म्हणा, मंदिर कशाला? हा प्रश्न एकट्या आमच्या गावचा नव्हता. प्रांतभर मुसलमानांनी या नावाला हरकत घेतली. मुस्लीम लीगने काँग्रेस राजवटीविरुद्धच्या तक्रारी गोळा करून 1938 मध्ये पीरपूर अहवाल काढला, त्यातही विद्यामंदिर योजना आहे. लीगचं राजकारण त्यामागे होतंच, पण म्हणून चाचांचा प्रश्न खोटा ठरत नाही. आणि ज्यांना गावच्या मंदिराची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांना या नावाबद्दल काय वाटतं हे त्या बैठकीत कुणी विचारलंच नाही. ते पारापासून दूर, कडुलिंबाखाली बसले होते. हा तपशील आबाजी सांगायचे, पण हळू आवाजात.

शेवटी बरड द्यायचं ठरलं. पण त्यातून मास्तराचं पोट काय भरणार! पुढच्याच वर्षी युद्ध लागलं, नोव्हेंबर 1939 मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि आमचं विद्यामंदिर कागदावरच राहिलं. दुसऱ्या गावांत काही चालली, काही रेंगाळली.

या योजनेला हसावं की तिची कीव करावी हे मला अजून ठरवता येत नाही. शुक्लांना खेड्यात शाळा हवी होती, यात शंका नाही. पण गावाची शाळा गावाच्या उदारपणावर टाकली की श्रीमंत गावाला चांगली शाळा मिळते आणि बरडाच्या गावाला बरड. गेल्या 85 वर्षांत या सूत्राला नवनवी नावं मिळाली, लोकसहभाग काय आणि दत्तक शाळा काय. सूत्र तेच.

जमीन द्यायला कुरकुर करणाऱ्या याच पणजोबांच्या घरात त्या बैठकीच्या तीस वर्षं आधी दुसराच वाद झाला होता. तो आबाजींनी त्यांच्या तोंडून ऐकलेला. तेव्हा यवतमाळ जिल्ह्याचं हे नावही नवं होतं, 1905 पर्यंत याला वणी जिल्हा म्हणत. बंगालची फाळणी झाली, स्वदेशीचं वारं सुटलं आणि 1906 च्या कलकत्ता काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार यांच्या जोडीला राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव केला. सरकारी शाळा गुलाम घडवतात, तेव्हा आपल्या शाळा आपण काढू, असा तो विचार. यवतमाळला तपस्वी बाबासाहेब परांजपे यांच्या पुढाकाराने 'विद्यागृह' ही राष्ट्रीय शाळा चालली होती. नागपूरच्या नील सिटी हायस्कुलातून 'वंदे मातरम्'च्या प्रकरणात बाहेर काढलेला केशव हेडगेवार नावाचा मुलगा शिकायला आला तो याच शाळेत. पुढे ते संघाचे संस्थापक झाले. वणीत जन्मलेले आणि यवतमाळात वकिली करणारे बापूजी अणेही त्याच वातावरणातले.

आमच्या घरातल्या एका चुलत पणज्याला त्याच्या बापाने सरकारी शाळेतून काढून विद्यागृहात घातलं. घरात रडारड झाली. त्याची आई म्हणाली, "तिथं शिकून तलाठी तं होनार नाही!" बाप म्हणाला, तलाठी होऊ नये म्हणूनच धाडतो. मुलाला कुणी विचारलं नाही. शाळेच्या वादांत मुलाला विचारायची पद्धत तेव्हा नव्हती, आताही फारशी दिसत नाही.

सरकारची नजर या शाळांवर होती. विद्यागृह फार काळ टिकू दिलं गेलं नाही. तळेगावचं विजापूरकरांचं समर्थ विद्यालयही 1910 मध्ये सरकारने बंद पाडलं. हेडगेवारांनी बंगालच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेची परीक्षा दिली. त्यांच्या प्रमाणपत्रावर डॉ. रासबिहारी घोष यांची सही होती, आणि ते प्रमाणपत्र मानणारं नॅशनल मेडिकल कॉलेज कलकत्त्याला होतं. ते तिथे गेले. पर्यायी शाळा, तिच्या पुढे पर्यायी कॉलेज, अशी वाट होती खरी. पण ती कलकत्त्यातून जात होती, आणि दारव्ह्याकडच्या कास्तकाराच्या पोराला ती परवडणारी नव्हती. आमचा चुलत पणजा यवतमाळच्या एका कापसाच्या जिनात हिशेब लिहायला बसला आणि तिथेच म्हातारा झाला. त्याच्या बापाविषयी पणजोबा म्हणत, "त्यानं पोरगा देशाले देल्ला, देशानं जिनात देल्ला."

आबाजींना ही म्हण फार आवडायची. मला ती थोडी अन्यायाची वाटते. विद्यागृह काढणाऱ्यांनी तुरुंग, जप्ती, उपास सगळं पत्करलं होतं. पण त्यात एक सत्य आहेच. कुठलीही वेगळी शाळा निघाली की तिचा आदर्श चालवणारे ठरवतात आणि तिची जोखीम मूल उचलतं. ज्या घरात दुसरा आधार असतो त्याला ती झेपते, ज्या घरात नसतो तिथे जिन तयार असतो.

आजीची गोष्ट अगदीच निराळी. ती राळेगावकडची, वर्धा नदीच्या अलीकडची. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा आणि तिथे सेवाग्राम. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाच्या भोवती गुंफलेलं, आणि जमेल तेवढं त्या उद्योगाच्या कमाईवर चालणारं. जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांनी त्यावर लिहिलं. आजीच्या माहेरी ही बातमी पोचली ती अशी, की वर्ध्याले गांधीबाबाच्या शाळेत पोरं सूत काततात.

आजीच्या बापाची प्रतिक्रिया तिने मला अनेकदा ऐकवली. "सूत कातायले शाळा कायले पायजे? कापूस तं घरीच हाय!" ज्यांच्या घरात मुलं सकाळपासून हाताने कामच करत होती, त्यांना शाळेतून नेमकी हातकामातून सुटका हवी होती. सहा महिने कापसात राबणाऱ्या बापाला वाटायचं, पोराने निदान खुर्चीत बसावं. नई तालीम हा देशातला सगळ्यात सखोल शैक्षणिक विचार होता असं मी मानतो. पण तो श्रमाची सवय नसलेल्यांना जास्त मानवला असता, आणि ते तर आपली मुलं तिथे पाठवणार नव्हते. आज सेवाग्रामच्या आनंद निकेतनमध्ये त्या विचाराची शाळा 2005 पासून पुन्हा चालू आहे आणि ती पाहायला लांबून पालक येतात. आजीचा बाप आला नसता.

आजी स्वतः कुठल्याच शाळेत गेली नाही. वेचणीच्या दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे, घरात एकही हात रिकामा नसायचा, आणि मुलीचा तर बाराही महिने नसायचा. भाऊ शाळेतून आला की त्याच्या पाटीवर ती अक्षरं गिरवायची. लग्न होऊन आल्यावर अक्षरं जवळजवळ पुसली होती. 1955 मध्ये तुकडोजी महाराजांची ग्रामगीता निघाली, ती गावातल्या भजनी मंडळात आली, आणि ऐकून पाठ झालेल्या ओव्या पुस्तकात बोट ठेवून शोधता शोधता आजी वाचायला शिकली. तिने आयुष्यभर दुसरं पुस्तक फारसं वाचलं नाही, पण बाजारातली पावती वाचायची आणि व्यापाऱ्याला वजनाची चूक दाखवायची.

हल्ली पुण्या-मुंबईची काही सुशिक्षित कुटुंबं मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. त्यांचे लेख मी आवडीने वाचतो, त्यांची शाळेविषयीची तक्रार पुष्कळदा खरी असते. परीक्षेला बसायला त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, आपल्या बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म आहे. पण शाळा नको म्हणण्याआधी शाळा हाताशी असावी लागते. आजीचं घरी शिकणं कुणी निवडलेलं नव्हतं. दोन्हींना एकच नाव देणाऱ्या उत्साही मंडळींना मी एवढंच विचारतो, की या घरात दुपारी कापूस वेचायला कोण जातं?

स्वातंत्र्यानंतर गोष्टींचा वेग वाढतो. महाराष्ट्र झाला, 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. मग आमच्या गावात अखेर शाळा उभी राहिली. कुठे? त्याच बरडावर. दोन खोल्या, कवेलूचं छप्पर, एक मास्तर. बाबा त्या शाळेत शिकले, हायस्कुलासाठी पायी दारव्ह्याला गेले आणि पुढे स्वतः जिल्हा परिषदेत गुरुजी झाले. कॉलेजला जाणारी त्यांच्या वेळची मुलं मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीने, शकुंतलेने, जात. ती इतकी सावकाश चालायची की गाडीत अभ्यास व्हायचा, असं बाबा सांगतात. त्यांच्या निकालाकडे पाहता ते खरं असावं.

बाबांनी नोकरीचा बराच काळ पुसद आणि आर्णीकडच्या तांड्यांवर काढला. तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी एकच गोष्ट. पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यावर 1 जुलै 1913 रोजी जन्मलेला पोरगा, शाळेसाठी या गावातून त्या गावात जात शिकला, अमरावती-नागपूर करून वकील झाला, आणि 1963 ते 1975 अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. वसंतराव नाईकांची ही गोष्ट तांड्यावरची प्रत्येक याडी आपल्या लेकराला सांगायची, कारण बंजाऱ्यांच्या तांड्यावर तेव्हा शाळा हीच बातमी होती. बाबा मात्र त्यातली दुसरी बाजू दाखवायचे. एका हुशार, जिद्दी आणि खात्यापित्या नाईक घराण्यातल्या मुलाला जे जमलं ते साऱ्या तांड्याला जमायला शाळाच तांड्यावर यावी लागते.

ती काही ठिकाणी आली, काही ठिकाणी मुलंच शाळेकडे नेली गेली. ऊसतोडीला, विटभट्टीला निघणाऱ्या आईबापांना आश्रमशाळा हा मोठा आधार होता. राहणं, जेवण, कपडे, सगळं तिथेच. बाबा सांगतात, एका बाईने मुलाला सोडताना मास्तरांना अभ्यासाचं काहीच विचारलं नव्हतं. दोन वेळा भाकर देता ना, एवढंच विचारलं. कोलामांच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, गोष्ट याहून अवघड. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. त्यांची कोलामी भाषा तेलुगू-गोंडीच्या द्राविडी कुळातली, आणि शाळा मराठीत. मास्तर म्हणाले 'बस', तर मूल उभंच राहायचं. त्याला मंद ठरवलं जायचं. मातृभाषेतून शिक्षण हे नई तालीमचं कलम पोडाच्या वाटेवर कुठेतरी गळून पडलं होतं, आणि त्यावर परिसंवाद भरला नाही.

आता आजची गोष्ट. आमच्याकडे इंग्रजी नाव लावलेल्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, मग तिच्या आसपास चर्च नसो की जोगीण. सकाळी साडेआठला पिवळी गाडी गावात येते आणि टाय लावलेली मुलं घेऊन जाते. त्यात मजुराचीही असतात. फी कशी भरतात? कापूस विकून, सोसायटीचं कर्ज जुनं-नवं करून, बायकोचे मणी गहाण ठेवून. ज्या जिल्ह्याचं नाव देशाला शेतकरी आत्महत्यांमुळे पाठ झालं तिथे कर्जाच्या वहीत शाळेची फी हे एक खातं आहे. त्या बापांना शहाणपण शिकवायला मी जाणार नाही. बरडावरच्या शाळेत चार वर्गांना एक गुरुजी, तोही अर्धा वेळ माहिती भरण्यात. असं असताना बापाने काय करावं?

जाणकार म्हणतात, आरटीई आहे ना. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला, आणि खाजगी विनाअनुदानित शाळांत 25 टक्के जागा दुर्बल घरांतल्या मुलांसाठी आल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेला यातून सूट दिली. पालक कोर्टात गेले, मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 रोजी तो बदल रद्द केला. निकाल योग्यच होता. पण त्या वादात एक गोष्ट उघडी पडली. सरकार म्हणत होतं, जवळ आमची शाळा असताना खाजगीचा खर्च आम्ही का भरावा? पालक म्हणत होते, तुमची शाळा आम्हाला नको. आपल्याच शाळेविषयी एवढा अविश्वास ऐकून ज्या खात्याने लाजायला हवं होतं, ते कोर्टात नियमाचा कीस काढत होतं.

आणि याच खात्याने 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा मिळवून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा 14 हजारांहून अधिक निघाल्या. मोठ्या शाळेत ग्रंथालय असेल, प्रयोगशाळा असेल, गाडी येईल, असं सांगितलं गेलं. शहरात बसून वाचलं तर पटतं. पण पावसाळ्यात नाल्याला पूर आला की ती गाडी कुठे थांबते हे पोडावरच्या आईला माहीत असतं. गाडी चुकली की मुलगा कदाचित पायी जाईल, मुलगी घरी राहील. आजीसारखीच, फक्त या वेळी हातात ग्रामगीतेऐवजी मोबाइल असेल.

आबाजींच्या, आजीच्या आणि बाबांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की माझं मत पक्कं होतं. राष्ट्रीय शाळा, नई तालीम, कॉन्व्हेंट, घरची शाळा यांपैकी कुठल्याही वाटेला माझा विरोध नाही, उलट या जिल्ह्याला त्या आणखी हव्यात. पण गावातली सरकारी शाळा मजबूत असेल तरच बाकीच्या वाटा निवडता येतात. ती गेली की गरिबाला एकच वाट उरते, आणि तिची फी दुसरा कुणी ठरवतो. गावाच्या शाळेचा खर्च हा साऱ्यातून आणि करातूनच निघायला हवा. पणजोबांनी पारावर मागितलेला हिशेब तोच होता.

आमच्या बरडावरच्या शाळेचा पटही आता विसाच्या खाली आहे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि त्याच्या आधी पंधरा दिवस पिवळ्या गाडीवाले दारोदार फिरून जातात. या जिल्ह्यातल्या वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे त्याच समितीचं काम आहे. मूल कॉन्व्हेंटला जात असलं तरी चालेल, पण आपल्या गावच्या समितीची सभा कधी आहे ते गुरुजींना विचारा, ठरावाची वही उघडून पाहा, आणि शिक्षकाची जागा रिकामी असेल तर तसा ठराव या जूनच्या आत पंचायत समितीकडे पाठवा.